मांजराची तस्बी

मराठी व्याकरणात ध्वनिदर्शक शब्दांची एक यादी असते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे ही यादी दर वर्षी माझ्या वाट्याला येते. वाघाची डरकाळी, घोड्याचं खिंकाळणं, गाईचं हंबरणं, मोराचा केकारव, सापाचा फूत्कार. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मांजरासमोर फक्त 'म्यांव' असतं. यंदा सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, बिल्ली गोद में बैठके गले में से आवाज निकालती ना, उसको मराठी में क्या बोलते?"

प्रश्न साधा आहे, उत्तर तितकं साधं नाही. 'गुरगुरणं' म्हणावं तर मराठीत कुत्रं गुरगुरतं, ते चावण्याआधी. "माझ्यावर गुरगुरू नकोस" हे भांडणातलं वाक्य आहे. शिक्षणावरच्या भाषणांत वाघिणीचं दूध आणि गुरगुरणं हमखास येतं, तिथंही अर्थ दरारा असाच. (खरी वाघीण मांजरासारखा हा आवाज काढूच शकत नाही, हा भाग निराळा. डरकाळी फोडणाऱ्या वाघ, सिंह, बिबट्यांना ते जमत नाही. चित्त्याला जमतं.) काही घरांत 'घुरघुर' म्हणतात, काही घरांत 'खुरखुर'. उर्दूत 'ख़ुरख़ुर' आहे, अरबीत 'ख़रख़रा' आहे आणि फारसीत तर माणसाच्या घोरण्याला आणि मांजराच्या या आवाजाला एकच शब्द चालतो. इतक्या भाषांनी कान लावला आणि सगळ्यांना ऐकू आलं ते जवळपास सारखंच. त्याचा अर्थ काय, यावर मात्र एकमत नाही.

माझ्या वर्गाचं एकमत झालं. निम्मा वर्ग एका सुरात म्हणाला, "टीचर, वो तस्बी पढ़ती."

हे उत्तर मला नवं नव्हतं. आमच्या दादीमाच्या मांडीवर भाटी येऊन बसायची आणि तो आवाज सुरू झाला की दादीमा आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही. "नको छेड़ो गे उसको, अल्ला का नाम लेती वो." आमच्या मोहल्ल्यात तेव्हा हे सगळेच मानत आणि तुर्कस्तानातही मांजराच्या या आवाजाला जिक्र मानणारे लोक आहेत. याचं मूळ कुठं असावं हे मुसलमान वाचकाला सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते. कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमधल्या 44व्या आयतीचा आशय असा की आकाश, पृथ्वी आणि त्यांतलं प्रत्येक अस्तित्व अल्लाहचं गुणगान करतं, पण तुम्हाला त्यांचं गुणगान समजत नाही.

आयतीचा पहिला भाग आपल्याला फार आवडतो आणि दुसरा आपण सोडून देतो. मांजर तस्बी पढते हे सांगताना आपण थांबत नाही. ती नेमकं काय म्हणते, 'या रहीम' की 'या करीम', हेही सांगून मोकळे होतो. आयतीत स्पष्ट म्हटलंय की ते तुम्हाला समजत नाही. दादीमाच्या श्रद्धेत मला जे मोलाचं वाटतं ते हेच: तिनं त्या आवाजाचा अर्थ स्वतःकडे ओढला नाही. 'माझ्यावर प्रेम करते म्हणून घुरघुरते' असं ती कधी म्हणाली नाही. हे त्या जिवाचं आणि त्याच्या निर्मात्याचं आपसातलं काहीतरी आहे, मध्ये पडू नका, एवढंच.

आता मोबाइलवर काय फिरतं ते बघा. दर काही महिन्यांनी एक मेसेज येतो. मांजराच्या आवाजाच्या लहरींनी मोडलेली हाडं जुळतात, हृदयविकार टळतो, हे आता विज्ञानानं सिद्ध केलं आणि इस्लामनं चौदाशे वर्षांपूर्वीच मांजराला पाक ठरवलं होतं. खाली 'सुब्हानल्लाह' आणि सगळ्यांना पाठवा. माझ्याकडे हा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवरून आला, म्हणून जास्त वाईट वाटलं.

या मेसेजमध्ये तीन वेगळ्या गोष्टी शिवून एक गोधडी केलेली आहे. पहिली गोष्ट: मांजराचा हा आवाज सेकंदाला साधारण 25 ते 30 कंपनांपासून सुरू होतो, आणि त्याचे वरचे पट्टे सुमारे 150पर्यंत जातात. दुसरी: 2001मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापून आला. त्यात मेंढ्यांना रोज काही वेळ 30 हर्ट्झनं थरथरणाऱ्या यंत्राच्या पाटावर उभं केलं होतं आणि वर्षभरानं त्यांच्या मागच्या पायांच्या हाडांची घनता वाढलेली आढळली. त्या प्रयोगात मांजर नव्हतं. दोन्हीकडे आकडा सारखा आला, त्यावरून मांजराच्या आवाजानं मांजराचीच हाडं बरी होत असावीत, असा अंदाज एलिझाबेथ फॉन मुगेन्थालर या आवाजाच्या अभ्यासक बाईंनी त्याच सुमारास मांडला. अंदाज चांगला आहे, पण तो अंदाजच आहे. तो प्रत्यक्ष तपासून सिद्ध झालेला नाही. तिसरी: 2009मध्ये अमेरिकेत अदनान कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4,435 लोकांची माहिती तपासली. मांजर पाळलेल्या लोकांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. ते मांजरामुळे, की मांजर पाळणाऱ्या माणसांच्या राहणीमुळे, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. आवाजाचा तर त्यात प्रश्नच नव्हता.

मुद्दा विज्ञानाच्या कच्च्या वापरापुरता नाही. उद्या कुणी दाखवून दिलं की या आवाजानं एकही हाड जुळत नाही, तर मांजराचा पाकपणा जाणार का? ज्या दीनला रोज प्रयोगशाळेची पावती लागते तो दीन आपण कमजोर करून ठेवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मांजर माणसाच्या उपयोगी पडतं म्हणूनच त्याची किंमत, हा विचार तर मला आपल्या परंपरेत कुठं दिसत नाही.

मग खरं काय माहीत आहे? जे माहीत आहे तेही कमी सुंदर नाही.

मांजरीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे बंद असतात, कानांच्या वाटाही बंद असतात. त्याच्याकडे फक्त नाक आणि कातडी. आई आडवी पडून घुरघुरते तेव्हा तिच्या अंगाची थरथर त्याला कातडीनं कळते आणि ते ऊब, दूध, आई या दिशेनं सरकतं. म्हणजे हा आवाज त्याला आधी ऐकू येत नाही, आधी जाणवतो. काही दिवसांत, डोळे उघडायच्याही आधी, ते पिल्लू स्वतः घुरघुरू लागतं, बहुतेक वेळा दूध पिता पिता. तोंडात स्तन असताना म्यांव करता येत नाही, म्यांव करायचं तर तोंड सोडावं लागेल. घुरघुर मात्र तोंड बंद ठेवून, श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, सलग करता येते. आईला त्यातून कळतं की हे पिल्लू जागेवर आहे आणि पीत आहे. चार पिल्लं ओळीनं पडून पीत असताना हात जवळ नेऊन बघा. छोट्या शिलाई मशीन एकदम चालू केल्यासारखं वाटतं. आईला त्रास होणार नाही इतक्याच जवळ, हेही सांगून ठेवते.

आवाज निघतो कसा, यावर अजूनही चर्चा चालू आहे. बरीच वर्षं असं मानलं जात होतं की मेंदूकडून सेकंदाला पंचवीस-तीस वेळा हुकूम येतो आणि स्वरयंत्राचे स्नायू त्या तालावर आवळतात, सुटतात. 1972मध्ये रेमर्स आणि गोतिए या दोघांनी स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजून हे मांडलं. मग 2023मध्ये व्हिएन्नाच्या ख्रिस्तियन हर्बस्ट यांच्या गटानं आठ मांजरांची स्वरयंत्रं तपासली. असाध्य आजारामुळे ज्यांना मरण द्यावं लागलं होतं अशी ती मांजरं होती. बाजूला काढलेल्या स्वरयंत्रातून ऊबदार, ओलसर हवा सोडली, तर मेंदू नाही, हुकूम नाही, तरी तोच खोल आवाज निघाला. मांजराच्या स्वरतंतूंमध्ये मऊ पेशीजालाच्या गाद्या असतात. त्यांच्यामुळे तंतू जड होऊन सावकाश हलतात आणि एवढ्याशा जिवातून इतका खालच्या पट्टीतला आवाज येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून स्नायूंचं काहीच काम नाही असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही.

मला सर्वांत गंमत वाटली ती इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब यांच्या कामाची. त्यांचं स्वतःचं मांजर त्यांना रोज सकाळी घुरघुरून उठवायचं आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणं त्यांना जमेना. त्यांनी दहा मांजरांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, खायला मागतानाचे आणि नुसतं पडून असतानाचे. 2009मध्ये निष्कर्ष छापला. मागतानाच्या घुरघुरीत खालच्या पट्टीच्या आत एक उंच, रडवा सूर लपलेला असतो आणि तो साधारण तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीत बसतो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. म्हणजे एकाच घुरघुरीचे दोन प्रकार झाले, आणि त्यातली एक विनंती आहे. सकाळी सहरीच्या वेळी पायात घोटाळणारी मांजर ज्यांच्या घरात आहे त्यांना हे संशोधनाशिवायही माहीत आहे.

आणि तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मांजर जखमी असताना घुरघुरतं. वेण देताना घुरघुरतं. मरतानाही घुरघुरतं. त्या वेळी ते स्वतःला शांत करत असेल, किंवा लहानपणी आईला हाक होती तशी कुणाला तरी हाक देत असेल. आनंद नक्कीच नसतो. जनावरांच्या डॉक्टरांना याचा रोजचा अनुभव आहे. तपासायला टेबलावर ठेवलेलं आजारी मांजर इतकं घुरघुरतं की छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. मग काही डॉक्टर शेजारचा नळ सोडतात. पाण्याच्या आवाजानं मांजराचं लक्ष जातं, घुरघुर थांबते आणि तेवढ्यात ते ठोके ऐकून घेतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी गेल्या वर्षी ईदसाठी पर्शियन पिल्लू आणलं. पांढरं, चपट्या नाकाचं, डोळे बशीएवढे. विकणाऱ्यानं दोन महिन्यांचं सांगितलं होतं, दिसायला त्याहून लहान होतं. मुलानं त्याचे व्हिडिओ काढले. मांडीवर निजलेलं पिल्लू आणि घर्र घर्र असा आवाज. नातेवाइकांनी हृदयं पाठवली. "देखो कित्ती खूश है." आवाज दिवसभर चालायचा, रात्रीही, गाढ झोपेतही. पाचव्या दिवशी पिल्लू तोंड उघडून श्वास घेऊ लागलं तेव्हा घरचे दवाखान्यात धावले. नाकपुड्या जन्मतःच अरुंद, त्यात सर्दीचा संसर्ग. दुसऱ्या दिवशी ते गेलं. मी भेटायला गेले तेव्हा तो दहा वर्षांचा मुलगा एकच गोष्ट सांगत होता, "लेकिन आवाज कर रही थी ना वो. खूश थी तो कैसे मरी?"

त्याला कुणी शिकवलं होतं की आवाज म्हणजे खुशी? आपणच. गोष्टीच्या पुस्तकांनी, कार्टूननी, आणि हो, हाडं जुळवणाऱ्या त्या मेसेजनीसुद्धा. चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वासाचा त्रास असणं ही नेहमीची बाब आहे. तोंड जितकं चपटं तितकं फोटोत गोड, म्हणून निवडून निवडून ती पैदास केली जाते आणि त्यांच्या घशातला अडथळा आपल्याला लाड वाटतो. फरक ओळखणं अवघड नाही. घुरघुरीचा थरथराट गळ्यावर, छातीवर हात ठेवला की सारखा लागतो आणि मांजर दचकलं किंवा उठून चालू लागलं की सहसा थांबतो. अडलेल्या श्वासाचा आवाज नाकातून येतो, श्वासागणिक येतो, झोपेतही थांबत नाही. मांजर खात नसेल, अंग चाटत नसेल, कोपऱ्यात लपत असेल, तर ते कितीही घुरघुरो, ते बरं नाही. आणि तोंड उघडून धापा टाकत असेल तर संध्याकाळची वाट बघू नये.

शिक्षिका असल्यामुळे मला हे मांजरापुरतं वाचता येत नाही. दर वर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात जी प्रत्येक प्रश्नाला "जी टीचर" म्हणतात, हसतात, वही नीट ठेवतात. पालकसभेत त्यांच्याबद्दल बोलायला पाच सेकंद लागतात. 'काही त्रास नाही.' त्रास आपल्याला नाही, हे त्याचं पूर्ण वाक्य आहे. बी.एड.ला आम्हाला दंगेखोर मुलांना कसं हाताळावं यावर पाठ होते. गोड मुलांवर नव्हते.

आणि मुलींच्या बाबतीत तर आपण मौनालाही अर्थ देऊन टाकला आहे. निकाहाआधी कुमारिकेचं गप्प राहणं हीच तिची संमती, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. हदीसमध्ये त्याच्या आधी काय आहे? तिची परवानगी विचारल्याशिवाय तिचा निकाह करू नये, हे आहे. ती परवानगी देणार कशी, ती तर लाजेल, असं लोकांनी पुढं विचारलं तेव्हा मौनाचा उल्लेख आला. विचारणं आधी, मौन नंतर. आपण विचारण्याचा भाग गाळला आणि मौन ठेवलं, कारण मौन सोयीचं आहे. मोहल्ल्यातल्या खाला मंडपात "खूश है जी, देखो कैसी शरमाई" म्हणतात, तेव्हा मला आता त्या पिल्लाचा व्हिडिओ आठवतो.

काही वाचक म्हणतील, मांजरावरून निकाहावर गेलात. गेले खरी. पण दोन्हीकडे एकच सवय काम करते: समोरच्या जिवाचा आवाज किंवा शांतता आपल्याला हवी तशी वाचायची.

मांजराबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं त्यातही हीच निवड दिसते. मुअज्जा नावाच्या मांजरीची गोष्ट प्रत्येक मुलाला येते. ती बाहीवर झोपली होती म्हणून प्रेषितांनी (स.) बाही कापली, पण तिला उठवलं नाही. गोष्ट गोड आहे. हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती सापडत नाही. ज्या सापडतात त्या इतक्या गोड नाहीत, म्हणून की काय, कमी सांगितल्या जातात. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत त्या बाईची हदीस आहे जिनं मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायलाही सोडली नाही. मांजर मेली आणि बाईला शिक्षा झाली. त्या हदीसमध्ये मांजर ओरडली की घुरघुरली याचा उल्लेख नाही. तिला काय वाटत होतं हे समजणं बाईवर बंधनकारक नव्हतं. खायला देणं किंवा सोडून देणं बंधनकारक होतं.

दुसरी अबू कतादा (रजि.) यांची. त्यांची सून कब्शा वुजूसाठी पाणी घेऊन आली. मांजर येऊन पिऊ लागली तर त्यांनी भांडं तिच्यासाठी तिरकं केलं. सून बघतच राहिली. तेव्हा त्यांनी प्रेषितांचं (स.) सांगणं ऐकवलं की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. 'तव्वाफीन' हा शब्द तिथं आला आहे, घरात ये-जा करणारे, फेऱ्या घालणारे. तिच्या पाक असण्याचं कारण काय दिलं? औषधी गुण नाही, आवाज नाही. ती तुमच्यात राहते, एवढंच. मला हे कारण कुठल्याही हर्ट्झच्या आकड्यापेक्षा भारी वाटतं. जी आपल्यात राहते तिच्यासाठी भांडं तिरकं करायचं.

त्या सहावीच्या मुलीला मी 'घुरघुर' हा शब्द दिला आणि तस्बीवर वर्गाशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं की तस्बी पढणाऱ्याला ताप येतो का? "आता टीचर," मुलं म्हणाली. मग ती तस्बी पढत असली तरी डॉक्टरकडे न्यावं लागेल का? यावर बराच वेळ चर्चा झाली. निर्णय मुलांनीच दिला: न्यावं लागेल, रिक्षात तस्बी चालू राहील.

ईद जवळ आली की विचारणा सुरू होते, टीचर, अच्छी पर्शियन किधर मिलेगी. मला विचाराल तर पर्शियन घेऊ नका. गल्लीत भाटी व्याली असेलच. तिची पिल्लं आईजवळ निदान आठ आठवडे राहू द्या, दूध सुटू द्या, खेळता खेळता चावायचं किती हे भावंडांकडून शिकू द्या. तोपर्यंत आईला रोज खायला द्या, म्हणजे ती तुमच्या दाराशी रुळेल. मग एक पिल्लू घरात घ्या, लस टोचा, सहा महिन्यांच्या आत नसबंदीचं डॉक्टरांना विचारा. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते पलंगाखाली बसेल आणि कदाचित तिथंच अंधारात घुरघुरेल. व्हिडिओ काढायला त्याला ओढून बाहेर काढू नका. पाण्याची वाटी आत सरकवा आणि सकाळी बघा, खाल्लंय का.